कुमुद, सुनंदा आणि न वाचलेली तळटीप

तरुणपणीचा एक गाढवपणा आधी कबूल करते. एम.ए.च्या प्रबंधात मी दोन जुन्या लेखिकांची तुलना केली होती. कुमारी कुमुद बेधडक, सौ. सुनंदा सावध... चांगली वीस पानं भांडण लावून दिलं दोघींचं. तळटिपाही वाचायच्या असतात, हे या विदुषीला तेव्हा ठाऊक नव्हतं.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ती असती, तर सासूबाई एव्हाना चहाला नावं ठेवायला येऊन गेल्या असत्या.

गेल्या महिन्यात माझी नात ईरा जेंडर स्टडीजचा प्रोजेक्ट करत होती. माझा प्रबंध तिला माळ्यावर सापडला आणि तिनं मुख्य प्रकरण त्याच भांडणावर उभं केलं. सोमवारी सबमिशन. "आजी, मूळ लेख पाहिल्याशिवाय मॅम मान्य करणार नाहीत." म्हणून शनिवारी सकाळी अकराला विश्रांतवाडीहून रिक्षानं कसब्यातल्या, मी प्रबंध लिहिला त्याच जुन्या वाचनालयात गेलो. तोच जुन्या कागदाचा वास... मी उगाच बावीस वर्षांची झाले.

ईरा कपाटात मासिकांचे खंड शोधत होती. मी टेबलाशी. समोर एक बाई येऊन बसल्या — इरकली साडी, बोटांना शाई.

"अजून भांडताहेत का हो त्या दोघी?"

"कोण?"

"कुमुद आणि सुनंदा. अहो, लग्नात नाव बदललं. बाई एकच. शेवटच्या पानावरची तळटीप तरी वाचायचीत."

मी स्वतः लग्नात शालिनीची वसुधा झालेली... आणि मला हे सुचू नये?

"मग तो सावधपणा?"

"सासरी लेख आधी मामंजी वाचायचे."

तेवढ्यात ईरा सुनंदाबाईंचा लेख असलेला खंड घेऊन आली. मी शेवटचं पान काढायला लावलं. शेवटची पानं छापखान्यातून आली तशी, कडेनं न कापता एकमेकांना जोडलेलीच. ईरानं ती पट्टीनं हलकेच सोडवली. आत, बारीक टाइपात, तळटीप होती — लेखिका लग्नाआधी कुमुद या नावानं लिहीत असे.

"आजी, माझं अख्खं प्रकरण गेलं," ईरा रडवेली झाली. मग पुन्हा वाचून हळूच म्हणाली, "नाही गं... हेच तर प्रकरण आहे."

मी समोर पाहिलं. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली.

त्या बाई कोण, न उघडलेल्या पानावरचं त्यांना कसं ठाऊक — मला आजही सांगता येत नाही. निघताना काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, "मघाशी माझ्यासमोर बसल्या होत्या, त्या बाई..."

ते मान वर न करता म्हणाले, "आजी, इथे बोलायला मनाई आहे. एकट्यानं बोलायलासुद्धा."