अमेरिकेच्या टेबलावरचं सांदण

"तू चुकून इकडे आलीस. तुझं टेबल तिकडे, इंडियाचं."

मेगन हसत म्हणाली. दंडाला हात लावून म्हणाली. आपण मदत करतोय असंच तिला वाटत असणार. वर म्हणाली, "साडी नेसायचीस ना. किती गोड दिसली असतीस."

अबू धाबीतल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवते. त्या दिवशी शाळेचा इंटरनॅशनल डे होता. हॉलभर देशोदेशींची टेबलं, प्रत्येकावर झेंडा आणि खायचे पदार्थ. मी अमेरिकेच्या टेबलासमोर ब्राउनींचा ट्रे घेऊन उभी होते. मेगन कार्यक्रमाची प्रमुख. कोण कुठे उभं राहणार ही यादी तिचीच.

आता मेगनचं ऐका. तिच्या कोटावर हिरवी रिबन. पुढ्यात, अमेरिकेच्याच टेबलावर, तिने भाजलेला आयरिश सोडा ब्रेड. स्टाफरूममध्ये ती दिवसातून एकदा तरी म्हणते, "आय अ‍ॅम आयरिश." बाईने आयर्लंड बघितलेलं नाही. पणजोबांचे वडील तिथून बोटीने आले, एवढंच. आयर्लंडचं टेबल चार पावलांवर होतं. तिथे डब्लिनहून आलेल्या दोन खऱ्या आयरिश मास्तरणी उभ्या होत्या. मेगनला तिकडे जा असं कोणी म्हटलं नाही.

माझं असं, की रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून अब्बांनी आम्हाला न्यू जर्सीला नेलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. शाळा तिथली, कॉलेज तिथलं. लग्न तिथे झालं, मोडलंही तिथेच. पोरगी झोया तिथल्याच हॉस्पिटलात झाली. मग तिला आणि अम्मीला घेऊन नोकरीसाठी इथे आले. मराठी टिकली ती अम्मीच्या हट्टामुळे. घरात इंग्रजी बोललं की ती बहिरी व्हायची.

आणि मी ट्रे उचलून गेले. मुकाट. इंडियाच्या टेबलाशी हिंदी शिकवणाऱ्या सुनीता मॅडम होत्या. ब्राउनींकडे बघून म्हणाल्या, "अरे, आप तो अमेरिकन हो ना? वेबसाइट पे तो यही लिखा है."

लिहिलंय खरं. पालकांना दाखवायच्या 'आमचे अमेरिकन शिक्षक' या यादीत माझं नाव आहे. जाहिरातीत मी अमेरिकन. झेंड्याखाली उभं राहायची वेळ आली की चल तिकडे.

सुनीता मॅडमना मी काय उत्तर दिलं? हसले. दात काढून हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पुढचं वर्ष आलं. झोया दुसरीत, त्याच शाळेत. तिला 'माझा देश' यावर चार ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, आय अ‍ॅम अमेरिकन. वही परत आली ती पिवळी चिठ्ठी चिकटवून. छान, पण तू खरी कुठली?

चिठ्ठी माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "मम्मा, व्हेअर अ‍ॅम आय रिअली फ्रॉम?"

सात वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार होते? की बाई, ट्रे उचल आणि दात काढून हस? मी केलं तेच हीही करणार. आयुष्यभर करणार.

त्याच आठवड्यात इंटरनॅशनल डेची यादी आली. माझं नाव पुन्हा इंडियाखाली.

मी अम्मीला म्हटलं, "सांदण करू या. भरपूर." सांदण म्हणजे तांदळाचा रवा आणि नारळाचं दूध आंबवून वाटीवाटीत उकडायचं. आमच्यात ईदेला, पाहुण्यांना, सगळ्याला होतं. न्यू जर्सीतही दर ईदेला झालं.

अम्मी खूश झाली. "इंडियाच्या टेबलाला शोभेल हो."

"अमेरिकेच्या टेबलावर ठेवणार."

तिने वाटी खाली ठेवली. "मे महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. नोकरी गेली की इथला व्हिसा गेला. पोरीची शाळा गेली. गप राहा गं."

"खलास, अम्मी. खूप राहिले."

तिने वाटी परत उचलली. मग वाट्यांना तूप लावायला बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी मेगनच्या सोडा ब्रेडला खेटून मी ताट मांडलं. पुढे कार्ड ठेवलं: सांदण, न्यू जर्सी. झोया माझ्या शेजारी उभी.

"हे इंडियन आहे ना?" मेगनने विचारलं.

"तुझा ब्रेड कुठला?"

"आयरिश. पण आम्ही पाच पिढ्या अमेरिकन आहोत."

"मग किती पिढ्या झाल्या की टेबल मिळतं? तीन? चार? आकडा सांग. हिच्या वहीत लिहायचाय."

तिचा चेहरा लाल झाला. ती प्रिन्सिपॉलना घेऊन आली. ते कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, की आज वाद नको, प्लीज तिकडे जा, कॉन्ट्रॅक्टचं नंतर बोलू. मी म्हटलं, "बोलू. पण मी इथून हलणार नाही."

इंडियाच्या टेबलाची मला लाज वाटते असं कोणी समजू नये. गेल्या वर्षी वाटत होती. ब्राउनी त्या लाजेपोटीच केल्या होत्या. लाज गेली म्हणून तर सांदण आणलं.

झोयाने माझी ओढणी ओढली. "मम्मा, आर वी इन ट्रबल?"

"हो," मी म्हटलं. "सरळ उभी राहा."

कॉन्ट्रॅक्टचा कागद अजून आलेला नाही. येईल, न येईल. नाही आला तर दुसरी शाळा बघेन, तिथेही असलं टेबल असेलच. मी अमेरिकेच्या झेंड्याखाली जाऊन उभी राहणार, आणि ताटात सांदणच असणार. ज्याला मला उठवायचंय त्याने दंडाला हात लावून, गोड हसून उठवायचं नाही. माझ्या पोरीसमोर, मोठ्याने, कारण सांगून उठवायचं.