कापसाच्या गोदामातलं गॅदरिंग

शाळेतल्या गोष्टी कुणी जमवत नाही, त्या आपोआप साचतात. बाकाखाली शेंगांची टरफलं साचावीत तशा. त्यातून गॅदरिंगचा महिना असला, की मग विचारूच नका! त्या महिन्यात अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिकवणं सोडून सगळं चाले, आणि जो तो दुसऱ्याकडे ‘हा काहीतरी लपवतोय’ अशा नजरेनं बघे.

मी तिथली तशी कुणीच नव्हते. अकोल्याहून लग्न होऊन आलेली, ड्रॉइंग मास्तरांची नवी बायको, एवढाच माझा हुद्दा. मुलींच्या शिवणाला मदत म्हणून जाऊन बसायची. बोलायची सवय मला पहिल्यापासूनच कमी. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसावं, असा लोकांचा समज असतो. त्यामुळे माझ्यासमोर सगळे सगळं बोलत!

शाळा भरायची एका अडत्याच्या कापसाच्या गोदामात. हंगाम आला, की गाठी आत आणि मुली ओसरीवर. त्या वर्षी अडत्यानं सांगून टाकलं, “यंदा अर्धं गोदाम वापरा. पुढच्या साली तेही नाही.” म्हणजे शाळा बंदच!

अशात चांदूर बाजारचे आबासाहेब देव पावल्यासारखे पावले. मोठे जमीनदार. त्यांची अमरावतीत एक रिकामी जागा होती, ती शाळेला देतो म्हणाले. पण देवालाही नवस असतो, तशी त्यांची अट होती.

“गॅदरिंग मी सोता पाहीन. पोरी नाचवून राहिले का शिकवून राहिले, ते मले समजलं पायजे. एक बी गोष्ट वावगी दिसली, तं जागा वापस!”

आमच्या हेडमिस्ट्रेस पुण्याच्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, “वावगं म्हणजे नक्की काय, ते आधी कळलं तर बरं.”

“ते मी पाहीन तवा समजन!”

* * *

आबासाहेब पहिल्यांदा तयारी बघायला आले, ते थेट पेटीपाशी जाऊन थांबले. काठीच्या टोकानं तिला जरा ढोसलं. जनावर जिवंत आहे का बघावं, तसं.

आमचे हे ड्रॉइंग शिकवायचे आणि पेटीही वाजवायचे. पगार एकच.

“हे पेटी कोठून आणली, मास्तर?”

“भजनी मंडळाची आहे.”

“तमाशातली तं नाही?”

“छे छे! भलतंच!”

“मंग वाजवा एखादं भजन.”

ह्यांनी मांडी घातली आणि वाजवलं. आबासाहेबांनी डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मानसुद्धा हलवली. मला वाटलं, सुटलो! त्यांनी डोळे उघडले, ह्यांच्या हातांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले,

“पेटी भजनाची हाय, मानलं. पर मास्तर, बोटं कोठून आणली?”

घरी आल्यावर मीही ह्यांना तोच प्रश्न विचारला. उत्तर अजून आलेलं नाही.

* * *

रोज तालमीवर नजर ठेवायला आबासाहेबांनी अमरावतीतच राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला बसवलं. काशीआत्या. गाठींच्या आडोशाला पोतं टाकून त्या वाती वळत बसायच्या. हात वातीवर, डोळे आमच्यावर.

पहिल्याच दिवशी राजा प्रवेश करता झाला. राजा म्हणजे चौथीतली सुशी. कोळशानं काढलेल्या झुपकेदार मिशा, कमरेला लाकडी तलवार. आत्यांनी तिला बघितलं मात्र, चटकन पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं!

“आत्या, अहो ती आपली सुशी आहे!” मोठ्या बाई म्हणाल्या.

“असन. पर मिशा तं बाप्याच्याच हायेत ना?”

त्यानंतर राजा आला, की आत्या भिंतीकडे. राजा गेला, की आत्या नाटकाकडे. ह्यात अर्धं नाटक त्यांना नुसतंच ऐकू आलं.

मग एक दिवस सुशीला ताप आला. राजाशिवाय तालीम सुरू झाली. आत्यांनी दोनदा मान उंचावून बघितलं, वात खाली ठेवली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून मला हळूच विचारलं,

“काहून व माय, आज ते राजे नाही आले?”

* * *

जागा आबासाहेबांची, पण वर भिंती नकोत? त्यासाठी लोकांकडून कापूस मागायचा असं ठरलं. वऱ्हाडात पैसा मागितला, तर माणूस दाराआड होतो. कापूस मागितला, तर निदान उंबऱ्यावर उभा राहतो. रविवारी बैलबंडी जुंपून आम्ही शेतकऱ्यांच्या घरोघर फिरत असू. दर घरानं ओंजळ, सूप, टोपलं, जे हातून सुटेल ते टाकायचं.

एका काकांनी भलं मोठं टोपलं आणून बंडीत ओतलं. मोठ्या बाईंना गहिवरून आलं. त्यांनी कौतुकानं कापसात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

“अहो, हा तर ओला आहे!”

वजन भरावं म्हणून विकायच्या कापसावर पाणी मारतात, हे अकोल्याच्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. पण हे तर दान! इथे ना काटा होता, ना भाव. माझ्याही तोंडून गेलं, “काका, फुकट द्यायचा होता ना? मग पाणी काहून मारलं?”

काका बिचारे खरोखरच खजील झाले. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत म्हणाले,

“आता हाताले कोण सांगन बाई, का हे दान हाय म्हून!”

* * *

नाटकात राजा जुलमी आहे, ही बातमी कुणीतरी पोलिसांपर्यंत पोचवली. ते दिवस असे, की नुसतं ‘जुलमी’ म्हटलं तरी इंग्रज सरकारला आपलं नाव घेतल्यासारखं वाटे.

एके दिवशी तालमीला एक गृहस्थ येऊन बसले. धोतर, टोपी, सगळं साधं. बूट मात्र सरकारी! मोठ्या बाईंनी विचारलं तर म्हणाले, मी ह्या मुलीचा मामा. बोट दाखवलं मंजुळाकडे. मंजुळा आमच्या नाटकातली राणी. तिची आई, चंपाबाई, बाजारात भाजी नि फुलं विकायची.

काशीआत्यांनी वात वळता वळता वर बघितलं.

“चंपीचा भाऊ काय तुमी?”

“हो.”

“चंपीले भाऊच नाही. दर दिवाळीले ओवाळाले माह्या पोराले बोलावते ते.”

गृहस्थ जरा वेळ बुटांकडे बघत राहिले. मग खरं काय ते सांगून टाकलं आणि मोठ्या बाईंना अदबीनं विचारलं, “बाई, एकच सांगा. राजा शेवटी मरते का सुधरते?”

“सुधारतो.”

“मंग काही हरकत नाही. तसं कळवतो वर.”

ते गेले, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा हजर!

“आता काय राहिलं?” मोठ्या बाई चिडून म्हणाल्या.

“काही नाही बाई. सुधरते कसा, तेवढं पाहावं म्हटलं.”

* * *

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी आनंदमेळा. मुलींनी भरलेले रुमाल, तोरणं, आणि एका कोपऱ्यात भजी. रुमाल हातोहात गेले. भज्यांचा वास सगळ्या गोदामात पसरला होता, पण पुढे कुणी येईना. बायका लांबूनच बघत. तळतंय कोण? कुणाच्या हातचं? न विचारता खायचं कसं?

मोठ्या बाईंनी तळणाच्या जागेपुढे एक जाड पडदा लावून टाकला. मला पडद्याबाहेर उभं केलं, भजी हातात द्यायला. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

पहिल्या बाई आल्या. कानाशी लागून विचारलं, “आत कोण आहे हो?”

“तुमच्यातल्याच आहेत,” मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. त्या बाईंनी भजी घेतली.

दुसऱ्या आल्या. त्या निराळ्या जातीच्या. “आत कोण?” “तुमच्यातल्याच.” त्यांनी दोनदा घेतली. मग तिसऱ्या, मग चौथ्या. साऱ्या गावची जात त्या पडद्यामागे एकाच कढईपाशी बसली होती!

सगळं तळून झालं तेव्हा आतून चंपाबाईनं घाम पुसत डोकं बाहेर काढलं.

“संपलं बाई बेसन. कोणी काही इचारलं काय?”

“विचारलं ना,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सगळ्यांनी तुझी चौकशी केली.”

* * *

आणि मग नाटक.

प्रॉम्प्टर मला केलं होतं. “हिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा जायचा नाही,” हे मोठ्या बाईंचं कारण. पण एक घोटाळा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. नाटकातल्या राजपुत्राचं नाव माधव. आणि आमच्या घरातलंही माधवच! शाळेत ह्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यामुळे ते नाव कुणाच्या ओठी नव्हतं. माझ्या तर नव्हतंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, बायकांनी आग्रह केल्यावर. असंच तोंडातून काढलं असतं, तर सासूबाईंनी मला अकोल्याची गाडी दाखवली असती. तालमीत ते वाक्य आलं, की मी गप्प बसे. मंजुळा कधी अडली नाही, आणि माझ्या गप्प बसण्याचं कुणाला नवल नव्हतं.

उन्हं कलती झाली होती. गोदाम भरलेलं. पुढच्या खुर्चीत आबासाहेब, दोन्ही हात काठीवर. बायकांच्या बाजूला आमच्या सासूबाई आणि आबासाहेबांच्या पत्नी. विंगेत मी पुस्तक धरून, शेजारी पोत्यावर काशीआत्या.

शेवटचा प्रवेश. राजपुत्राची मान ओंडक्यावर. मारेकऱ्यानं तलवार उचललेली. आता राणीनं आपलं हरवलेलं लेकरू ओळखायचं आणि “माधवा!” अशी हाक मारायची, की राजाला उपरती होणार. मंजुळा दोन्ही हात पसरून पुढे आली, तोंड उघडलं, आणि समोर आबासाहेब दिसले. शब्दच फुटेना!

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकाकडे. मारेकरी झालेल्या मुलीनं तलवार या हातातून त्या हातात घेतली. पलीकडच्या विंगेतून मोठ्या बाई डोळे वटारून खुणा करत होत्या. आबासाहेबांची काठी जमिनीवर टकटक वाजू लागली. इथे नाटक पडलं, की जागा गेली. जागा गेली, की ह्या सगळ्या मुली घरी.

“सांग ना व तिले!” आत्यांनी मला कोपर मारलं.

“नाव आहे, आत्या.”

“मंग?”

“आमच्या घरचं नाव आहे.”

आत्यांनी तोंडावर पदर दाबला. क्षणभरच. मग दातओठ खात म्हणाल्या, “मंग उखाण्यात घे ना, पोट्टे!”

मला येत होता तो उखाणा एकच, लग्नातला. मी डोळे मिटले आणि म्हणून टाकला. आणि विंगेतून येईल ते अक्षर न अक्षर म्हणायचं, अशी शिकवण असलेल्या मंजुळानं, हात तसेच पसरून, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तो पोटच्या पोराला ऐकवला:

“काळ्या भुईवर आली पांढऱ्या कापसाची साय,
माधवरावांच्या घरी ठेवला उजवा पाय!”

तलवार खाली पडली. राजपुत्रानं ओंडक्यावरून मान उचलून आईकडे बघितलं. बायकांच्या बाजूनं, सवयीनंच, कुणीतरी ओरडलं, “आणखी एक होऊ द्या!”

आबासाहेब उठून उभे राहिले.

“थांबा! माय आपल्या पोराचं नाव असं घेते काय?”

काशीआत्या हातातल्या वातीसकट थेट स्टेजवर गेल्या. “गणपत, खाली बस! नाव घेतलं ते रीतीनं घेतलं. उखाण्यात घेतलं. वावगं काय हाय त्याच्यात? का रीतच वावगी म्हणतं?”

थोरल्या बहिणीपुढे आबासाहेब बसले. राजा सुधारला. पडदा पडला.

नाटक संपल्यावर ते आधी बायकांच्या बाजूला गेले, आपल्या पत्नीशी काहीतरी बोलले, आणि मग विंगेत आले. आम्ही ओळीनं उभे. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. आबासाहेबांनी एकेकाकडे बघत बघत ह्यांच्यासमोर येऊन काठी टेकली.

“मास्तर, तुमचं नाव काय हो?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

“माधव,” हे म्हणाले. प्रॉम्प्टरला शोभेल अशा आवाजात.

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग बहिणीकडे बघितलं. ती वात वळत होती.

“उद्या सकाळी पाया आखाले दोरी अन् खुंट्या घेऊन जागेवर या,” शेवटी ते मोठ्या बाईंना म्हणाले, आणि दाराकडे वळले. दारात थांबले. ह्यांना बोटानं जवळ बोलावलं. कुणी ऐकत नाही ना, ते चहूकडे नीट बघून घेतलं. मी तिथेच होते, पण मला जमेस कोण धरतं?

“मास्तर, पुढच्या सालच्या नाटकात गणपत नावाचा कोणी ठेवू नका. आमची घरची बी पुस्तक धरून पडद्यामागं बसतो म्हणून राहिली.”