कर्जासकट मुलगी

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मेथी निवडली. शेवटचं काम ते. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी ते धड केलंही नाही, आणि हिने त्यावरून सुनावलं.

“काड्या कुठल्या, पानं कुठली, बघता तरी का? म्हशीला घालायचीय का ही?”

“मला दात आहेत अजून,” मी म्हटलं.

“दात आहेतच. दिवसभर तेच दाखवत असता सगळ्यांना.”

बिबवेवाडीतल्या चाळीत दोन खोल्या आमच्या, भाड्याच्या. दारात वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. मुलगी घरात नव्हती. रविवार असून कामाला गेली होती. आयटीत काम तुंबलं की रविवार धरत नाहीत. तिला एकुलती म्हणायचं, कारण आधीचं एक जन्मलं तसंच गेलं.

ही म्हणाली, “अहो, तुळशीचं लग्न झालं की पोरीचंही उरकून टाकू.”

“कर्ज फिटलं की.”

“कर्ज फिटेपर्यंत पोरीच्या डोक्यात पांढरे दिसायला लागतील.”

“लावेल कलप. आयटीत आहे.”

हसली नाही. एरवी हसायची. म्हणाली, “कर्ज तिच्या नावावर आहे ना? ती जाईल तिथून फेडेल. नोकरी काय माहेरी ठेवून जाणार आहे?”

“आणि पगार झाला की सासूनं दर महिन्याला विचारायचं, एवढे कुठं गेले म्हणून? नको. मुलगी देईन. कर्जासकट देणार नाही.”

“आणि मुलाकडेही तसंच काही असलं तर?”

“तसंच म्हणजे?”

“काही नाही. ती दुसरी जुडी घ्या. आणि मुळं तोडा आधी, माती सांडतेय.”

दुपारी तीच भाजी खाल्ली. भांडी घासून ही म्हणाली, जरा पाठ टेकते. टेकली ती टेकलीच. चहाला हाक मारली तर उठेना. खालच्या गल्लीतला डॉक्टर आला, मनगट धरलं, डोळे बघितले आणि मला म्हणाला, “आजोबा, तुम्ही बसा आधी.” मी उभाच होतो. बसून काय होणार होतं?

आता कर्जाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी सातवी. मराठवाड्यातनं पुण्यात आलो तेव्हा हाताला काम हवं होतं, ते मिळालं. एका वर्कशॉपात लेथवर बरीच वर्षं काढली. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली. मालकानं आम्हा जुन्यांना चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि हिशोब करून घरी बसवलं. तेव्हापासून एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. ही पोळ्यांच्या कामाला जायची. सकाळी नारायण पेठेत, संध्याकाळी इकडं जवळपास. तिच्या पोळ्या मऊ असायच्या, एवढं तिची गिऱ्हाइकंही मान्य करायची. पेठेतली माणसं तोंडावर कौतुक करत नाहीत, पण कामावरून काढतही नव्हती.

मुलगी हुशार निघाली. त्यात आमचा हात काही नाही. इंजिनियरिंगला लागली तेव्हा जिकडेतिकडे एकच बोलणं, आयटी, आयटी. मी उभा असायचो त्या गेटातनंच रोज सकाळी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली पोरंपोरी कंपनीच्या बसला जायची. हिला सांगायचो, आपलीही अशीच जाईल. बँकेत गेलो. साहेब म्हणाला, शिकत असेपर्यंत हप्ता नाही. आम्हाला वाटलं, हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. मीच काय, चाळीतल्या सगळ्यांनाच तसं वाटलं. एकानं तर सरकारला दुवा दिला. शिक्षण संपल्यावर बँकेत गेलो तर आकडा फुगून बसलेला.

“व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, आजोबा. सही केलीत ना?”

केली होती. सही मराठीत, कागद इंग्रजीत.

नोकरीचंही तसंच. कॉलेजातच एका मोठ्या कंपनीनं घेतलं तिला. पेढे वाटले. मग मंदी आली. कंपनीचं पत्र यायचं, अजून थोडं थांबा. पुन्हा पत्र, अजून थांबा. बँक मात्र थांबणारी नव्हती. शेवटी कर्वे रस्त्यावर मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर एक छोटी कंपनी होती, तिथं ती चिकटली. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे काम. पगार म्हणाल तर लेथवर शेवटी शेवटी मला मिळायचा त्याहून थोडा बरा. पण मुलगी आयटीत आहे ही बातमी पगाराच्या आधी पोचली. घरमालक आला.

“भाडं वाढवावं लागेल. आता काय, तुमची मुलगी आयटीत.”

“ती आयटीत आहे,” मी म्हटलं, “मी अजून गेटवरच आहे.”

भाडं वाढलंच.

तिच्या पगारात भाडं, किराणा आणि तिचं जाणंयेणं भागायचं. माझ्या पगारात वीज, गॅस, औषधं, कुणाचं लग्नकार्य. आणि हिच्या पोळ्यांच्या पैशात बँकेचा हप्ता. अशी वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप पडली. त्यात कुणाला हलता यायचं नाही. हिचा गुडघा सुजायचा, तरी पोळ्या. मला ताप, तरी गेट. एकदा मुलगी जेवताजेवता म्हणाली, “बाबा, तिथला साहेब फार घाण बोलतो. सोडू का? दोन-तीन महिन्यांत दुसरी बघते.”

मी एवढंच विचारलं, “आणि हप्ता?”

तिनं आमटी ओतून घेतली. परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे तिचं तिला माहीत. मी खोटं तर बोललो नव्हतो.

मग ते स्थळ आलं. विश्रांतवाडीचं. मुलगा इंजिनियर, कंपनीत. वडील टपालात होते, रिटायर झालेले. घर स्वतःचं, लहान पण स्वतःचं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. फोनवर तासतास बोलायचे. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, “मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे. फिटल्याशिवाय लग्न करणार नाही. थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर आत्ताच सांगा.”

ही माझ्याकडे बघत राहिली. मुलाचे वडील मात्र लगेच म्हणाले, “काही घाई नाही आपल्याला. सावकाश होऊ द्या.” माणूस सज्जन वाटला मला. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. बाहेर आल्यावर मी हिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “इतक्या पटकन कुणी हो म्हणतं का?” मी म्हटलं, “सज्जन म्हणतो.” त्याला दोन वर्षं होत आली.

रविवारी दिवस मावळायच्या आत वैकुंठात नेऊन सगळं आटोपलं. मुलगी ऑफिसातनं आली ती तशीच, गळ्यात कंपनीचा पट्टा. तो काढायचं कुणाला सुचलं नाही. परत आलो तर शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. हिला जिथं ठेवली होती तिथं दिवा लावला होता. मुलगी त्याच्यापाशी बसली. माझी थोरली बहीण, आक्का, धनकवडीत राहते, ती भिंतीला टेकून होती. थोडा वेळ रडली, मग डोळे पुसून कामाचं बोलायला लागली. आक्काचं तसंच असतं.

“पोरीचं लग्न आता वर्षाच्या आत करायला लागेल. आई गेली की वर्षाच्या आत, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं.”

“कर्ज आहे,” मी म्हटलं.

“कर्जाला कोण विचारतंय? रीत सांगतेय मी.”

“रीत हप्ता भरणार का?”

“अरे, आज तरी नीट बोल रे!”

मुलगी दिव्याकडे बघत म्हणाली, “आत्या, मला लग्नच करायचं नाही. आईचे पैसे बंद झाले. आता हप्ता माझ्यातनं जाणार. भाडं बाबा कुठनं देणार? मी त्यांना कळवते, दुसरी मुलगी बघा म्हणून.”

हे ती रडत म्हणाली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. रडत नव्हती. ऑफिसातलं काम सांगावं तसं सांगत होती. तीन वर्षं ते काही थांबणार नव्हते, आणि वर्षाच्या आत कर्ज काही फिटणार नव्हतं. म्हणजे माझ्या एका वाक्यामुळं पोरगी या दोन खोल्यांत, माझ्या शेजारी, माझा हप्ता होऊन बसणार.

सोमवारी सकाळी आंघोळ केली आणि आक्का उठायच्या आत निघालो. सुतकात दुसऱ्याच्या घरी जात नाहीत, हे मला कळतं. पण आक्का उठली असती तर तिनं जाऊ दिलं नसतं. दोन बस बदलून विश्रांतवाडीला उतरलो. त्यांच्या दारात गेलो आणि पायरीच्या खालीच उभा राहिलो. कडी वाजवायला पायरी चढावी लागली असती, म्हणून हाक मारली. मुलाचे वडील बनियनवर बाहेर आले. मला बघितलं आणि चेहराच उतरला त्यांचा.

“अहो, रात्री कळलं. मी आज येणारच होतो. आत या.”

“सुतक आहे. इथंच बरा.”

“मग पाणी तरी...”

“पाणी नको. ऐकून घ्या. लग्न वर्षाच्या आत करू. कर्ज फिटलेलं नाही, फिटणारही नाही तेवढ्यात. मुलगी येईल ती कर्जासकट येईल. निम्मा हप्ता मी देईन, निम्मा तिनं तिच्या पगारातनं भरायचा, आणि त्यावर तुमच्याकडं कुणी तिला एक शब्द बोलायचा नाही. पटत असेल तर बघा.”

मला वाटलं, आता विचार करतो म्हणतील. विचार करतो म्हणजे नाही. ते पायरी उतरून खाली आले आणि पायरीवरच बसले. मला हात धरून शेजारी बसवलं.

“आमच्या मुलाचंही आहे,” ते म्हणाले.

“काय आहे?”

“कर्ज. शिक्षणाचं. तुमच्यापेक्षा मोठंच आहे. कॉलेज महागातलं होतं.”

“आणि घाई नाही म्हणालात ते?”

“मग काय म्हणणार? तुम्ही कप ठेवायच्या आत कर्ज फिटल्याशिवाय लग्न नाही म्हणून मोकळे. त्यावर आमचं कुठं काढू? मनात म्हटलं, तेवढ्या वेळात आमचंही थोडं उतरेल.”

दोन वर्षं आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो आणि ते आमच्यासाठी. दोघंही अब्रूदार.

“मुलीला माहीत आहे?” मी विचारलं.

“मुलानं तिला केव्हाच सांगितलं. आणि...” ते थोडे घुटमळले. “तुमच्या मंडळींनाही माहीत होतं. दिवाळीच्या आधी एकट्या येऊन गेल्या इथं. म्हणाल्या, आमचं आहे, तुमचं आहे, पोरं कमवतात, फेडतील दोघं मिळून. तारीख काढू. फक्त यांना एवढ्यात सांगू नका, हे डोक्यात राख घालतील, लग्न मोडून बसतील. मी वळवते त्यांना हळूहळू.”

हिला गुडघ्यानं धड चालवत नव्हतं. दोन बस बदलून इथवर आली होती, आणि मला म्हणाली असेल पेठेत जास्तीच्या पोळ्या होत्या. माझ्यासमोर बसून मेथी निवडत होती ते मला वळवायला. मी कलपावर विनोद करत होतो.

“ती असती तर बघितलं असतं लग्न,” मी म्हटलं. राग आला होता मला. कुणाचा ते ठरवता येईना. त्यांच्यावरच काढला. “तुम्ही तरी तोंड उघडायचं होतं की!”

“तुम्हीही उघडं ठेवलं नव्हतंत, साहेब,” ते म्हणाले. “एकदाच बोललात आणि बंद केलंत.”

खरं होतं. आतनं त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावून. त्यांनी तिला सांगितलं, कॅलेंडर बघून ठेव, यांचे दिवस झाले की बोलू. मी उठलो. ते म्हणाले, बसथांब्यापर्यंत येतो. म्हटलं, रस्ता ठाऊक आहे.

घरी गेलो नाही. बस बदलून सरळ सोसायटीत गेलो. गेटवर माझ्या जागी बदलीचा माणूस होता. सेक्रेटरी खाली पेपर घ्यायला आले होते.

“अहो, तुम्ही आज कशाला? काल तर... घरी जा, दहा दिवस कुणी काही म्हणणार नाही.”

“पगार कापाल ना?”

त्यांनी पेपरची घडी घातली.

“मग उभा राहतो. आणि रात्रपाळीला माणूस शोधताय ना? ती पण मला द्या.”

“या वयात दोन्ही पाळ्या? आणि सुतकात?”

“सुतक मला आहे,” मी म्हटलं, “हप्त्याला नाही.”

ते पेपर घेऊन वर गेले. निम्मा हप्ता देतो असं एकाच्या दारात बोलून आलो होतो, आणि हिच्या पोळ्या बंद झाल्या होत्या. बदलीच्या माणसाकडनं शिट्टी आणि दंडुका घेतला आणि खुर्ची सावलीत ओढली. तेवढ्यात बी विंगमधली गाडी आली. हॉर्न वाजला. मी उठून गेट उघडलं.