अर्धे आले, अर्धे यायचे

कॉलनीत कोणाच्या घरी काही मोठं घ्यायचं ठरलं, की ती वस्तू नंतर येते, तिचे किस्से आधी येतात. आणि ते जात नाहीत. वस्तू जुनी होते, विकली जाते, किस्से घरातच राहतात.

माजरीला कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये आमची आणि रामटेकेभाऊंची भिंत एकच होती. भाऊ खाणीत इलेक्ट्रिशियन, आमचे हे सर्व्हेमध्ये. आमच्या कुकरच्या शिट्या पलीकडे शीलावहिनी मोजायच्या आणि तीन झाल्या की भिंतीवर थाप मारायच्या. तेव्हा आम्ही गाडी घ्यायची ठरवली, म्हणजे ती दोन घरांनी मिळून ठरवली, हे सांगायला नको. परवा शीलावहिनी भेटल्या आणि पुन्हा तेच सगळं निघालं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल ते.

*

आधी आमच्या उंचीचं सांगते, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही.

माझं माहेर गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. मी लहानपणापासून उंच. माझ्या मामीला त्याची फार काळजी. मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा तिनं मला पाटावर बसवलं आणि बजावलं, की पाहुणे जाईपर्यंत उठायचं नाही. चहासुद्धा मी बसूनच दिला.

पाहुणे निघाले. नवरदेव शेवटी उठले आणि उठतच राहिले. मग आमच्या ठेंगण्या चौकटीवर त्यांचं डोकं असं आपटलं, की वरून छपराच्या कवेलूंची माती पडली. सगळे घाबरले. माझी माय मात्र हसली. मामीला म्हणाली, "उठू दे आता तिले. हा जावई चालते."

*

लग्नानंतर यथावकाश तीन मुलं झाली आणि स्कूटर तेवढीच राहिली. थोरली अनिता, मधला सुधीर, धाकटा पिंटू. हे इतके लांब, की त्यांच्यामागे सीटवर फारशी जागा उरायची नाही. सुधीरला एस.टी.त बसलं की उलटी व्हायची. म्हणून सुधीर आणि अनिता स्कूटरवर ह्यांच्यासोबत, आणि मी पिंटूला घेऊन एस.टी.नं. कुठंही जायचं तर आम्ही असं दोन हिश्शांत जायचो.

माहेरी पोचले की माय पाय धुवायला पाण्याचा गुंड घेऊन दारात यायची. पाणी द्यायच्या आधी विचारायची, "अर्धेच आले काय वं?" मी म्हणायची, येतात मागून. मग ती ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायची. उरलेले आल्याशिवाय चुलीवरचा भात उतरायचा नाही. कोणाला ताट वाढायची नाही, पिंटूलाही नाही. त्याला मुरमुरे द्यायची.

एकदा मी दुपारीच पोचले आणि स्कूटर आली नाही. चार वाजले, पाच वाजले, उन्हं सागाच्या शेंड्यावर गेली. त्या रस्त्यावर तेव्हा दिवसाही माणूस दिसायचं नाही.  आम्ही दोघी ओसरीवर नुसत्या बसलो होतो. दिवस बुडता बुडता हे स्कूटर ढकलत आले. अनिता पुढे चालत होती, सुधीर सीटवर झोपला होता. चाक पंक्चर झालेलं, आणि स्टेपनीही बसलेली. मायनं तिघांना पाणी दिलं, भात वाढला. आणि मग आत जाऊन रडली, हे मी पाहिलं.

परत आल्यावर मी ह्यांना सांगितलं, आता माहेरी जाईन तर पाचही जण एकाच दारातून उतरू, नाहीतर मी जाणार नाही. मी सहसा असं काही बोलत नाही. त्यामुळे हे लगेच भिंतीवर थाप मारून रामटेकेभाऊंना बोलवायला लागले.

*

ती नवी छोटी मोटार तेव्हा नुकतीच दिसायला लागली होती. भद्रावतीच्या एका डॉक्टरांनी घेतली होती. रामटेकेभाऊंनी त्यांच्या दवाखान्याची वायरिंग केली होती, म्हणून भाऊ ह्यांना आणि मला घेऊन तिथं गेले. डॉक्टर आत पेशंट तपासत होते. त्यांनी आतूनच चावी पाठवली आणि बसून बघा म्हणाले.

हे बसले. म्हणजे आधी डोकं आत गेलं, मग एक पाय, मग बराच वेळ काही गेलं नाही. शेवटी भाऊंनी दुसरा पाय घडी करून आत लोटला आणि दार लावलं. दार लावताच गुडघा स्टिअरिंगवर दाबला गेला आणि हॉर्न वाजायला लागला. पाय काढावा तर दार उघडेना, दार उघडावं तर कोपर हलेना. हॉर्न चालूच. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून पाहायला आले.

डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच घेऊन धावत आले. काचेतून त्यांनी ह्यांची अवस्था पाहिली, वाकले, आणि सवयीनं विचारलं, "दुखतं कुठं?"

हे म्हणाले, "सगळीकडे."

*

मग वरोऱ्याच्या एका कापूसवाल्या शेठची अँबेसिडर पाहिली. ती आम्हा सगळ्यांना आवडली. मागं मुलं ऐसपैस, पुढं पाय लांब. हे पहिल्या पाळीतून निघून तसेच आले होते. आत बसले आणि मान वाकडी करून बाहेर आले. "चांगली आहे, पण डोकं लागतं." शेठनं सीट मागं केली, गादी काढली. तरी डोकं लागतच होतं. जड मनानं आम्ही नाही म्हणालो.

पंधरा-वीस दिवस मला ती गाडी डोळ्यापुढून जाईना. एकदा शीलावहिनींना मी सांगत होते, की एवढी मोठी गाडी, तिच्यात डोकं लागतं म्हणजे टक्क असा आवाज झाला हो. वहिनी भाकर थापता थापता थांबल्या. "टक्क? डोक्याचा आवाज टक्क येते काय?"

मी घरात येऊन ह्यांना विचारलं, त्या दिवशी हेल्मेट काढून बसला होतात का?

ह्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. खाणीत छत किती उंच आहे, हे हेल्मेटसकटच पाहायचं असतं. इतक्या वर्षांची सवय ती. वर काही छत आलं, की ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट असायचंच, आणि आमच्यापैकी कोणालाही ते डोक्यापेक्षा वेगळं काही वाटलं नव्हतं. शेठनंही काही म्हटलं नाही, खाणीतला साहेब आहे, असेल पद्धत.

लगेच वरोऱ्याला माणूस पाठवला. गाडी आठवड्यापूर्वीच गेली होती. रामटेकेभाऊ ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या वांढरेभाऊ. तुमचं डोकं मावत होतं त्याच्यात. आता हेल्मेटासाठी पाहू दुसरी."

*

त्यानंतर शीलावहिनींनी कारभार हातात घेतला. त्यांचं म्हणणं, पुरुष माणसं गाडीत एकटीच बसून पाहतात, म्हणून चुकतं. संसार बसवून पाहिला पाहिजे. त्यांनी अंगणात रांगोळीनं गाडीच काढली. पुढची सीट, मागची सीट, दारं, खिडक्या. एका कोपऱ्यात वळकटी आणि कोहळा ठेवला, कारण माहेरून कोहळा आल्याशिवाय राहायचा नाही. ह्यांच्या हातात स्टीलचं ताट दिलं. आम्ही सगळे रांगोळी न पुसता दारातून आत गेलो आणि बसलो.

पहिल्यांदा खिडकीसाठी अनिता आणि पिंटूचं भांडण झालं. खिडकी म्हणजे रांगोळीचा चौकोन, पण पिंटूनं तो सोडला नाही. मग वहिनींनी मागं आणखी एक सीट काढली. कॉलनीतली चार-सहा मुलं येऊन तीवर बसली. हे ताट फिरवत होते, भाऊ तोंडानं इंजिन वाजवत होते, मीही हसत होते.

तेवढ्यात सुधीर तोंडावर हात धरून म्हणाला, "बाबा, थांबवा. मले मळमळून राह्यलं."

ह्यांनी ताट थांबवलं. आणि खोटं नाही सांगत, तो दारातून उतरून, नालीपाशी जाऊन ओकून आला.

*

शेवटी गाडी मिळाली ती एका बँडवाल्याची. मॅटाडोर. म्हातारा धंदा बंद करत होता. तीत आजवर अख्खा बँड बसत होता, ढोलासकट. हे आत गेले, बसले, मग मुद्दाम हेल्मेट मागवून घातलं आणि पुन्हा बसले. वर अजून वीतभर जागा! सुधीरला खिडकीपाशी बसवून भद्रावतीपर्यंत नेऊन आणलं. वारा भरपूर, पोरगा हसत उतरला.

बँडचं नाव आम्ही खरवडून काढलं. पण दोन्ही बाजूंना मोठमोठ्या पिवळ्या तुताऱ्या रंगवलेल्या होत्या, त्या निघेनात. रंग द्यायचा तर पुढचा पगार यायचा होता, आणि मला धीर नव्हता. वर्कशॉपमधल्या ड्रायव्हरनं ह्यांचा हात पक्का बसल्याचं सांगितलं, त्याच रविवारी आम्ही पाचही जण माहेरी निघालो. शीलावहिनींनी दारात उभं राहून बोटांनी आम्हाला मोजलं.

रस्त्यात गावागावांतून पोरं मागं धावली. गोंडपिपरीच्या पुढे एका म्हाताऱ्या बाबांनी हात केला. रिकामी जागा असताना जंगलातल्या रस्त्यावर माणसाला टाकून कसं जायचं? बाबा बसले. बराच वेळ इकडेतिकडे पाहून त्यांनी ह्यांना विचारलं, लग्न कोणाचं आहे. हे म्हणाले, कोणाचंच नाही बाबा, आम्ही सासुरवाडीला चाललो. बाबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं.

"बराच उशीर केला मंग वरात काढाले," म्हणाले.

*

बाबा पुढच्या फाट्यावर उतरले. आम्ही गावात शिरलो तर अर्धं गाव रस्त्यावर. तुताऱ्या पाहून सगळ्यांना वाटलं, बँड आला. त्या गर्दीतून गाडी मायच्या दारापुढे उभी केली. दार सरकवलं. अनिता उतरली, सुधीर उतरला, पिंटूला मी उतरवलं, मी उतरले, आणि हे पुढून उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पाचही जण एका ओळीत. मी मायच्या तोंडाकडे पाहत होते. ह्या एका क्षणासाठी मी वर्षभर थांबले होते.

माय गुंड घेऊन आली. एकेकाच्या पायावर पाणी घातलं, एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला. ह्यांना वाकायला सांगून त्यांच्याही तोंडावरून फिरवला. मग आत जाऊन गुंड पुन्हा भरून आणला, उंबऱ्याजवळ ठेवला आणि ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली.

भाताचा वास येत होता. मुलं भुकेली होती. मी म्हटलं, "माय, वाढ ना आता. कोणाची वाट पाहून राह्यली?"

"बाकीच्यायची."

"बाकीचे कोण? सगळेच तं आलो आम्ही."

"असं कधी झालं हाय काय?" माय रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "येऊ दे त्यायले. मंग वाढतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.  हे थोडा वेळ मायजवळ उभे राहिले. मग त्यांनी अनिताला आणि सुधीरला हाक मारली, दोघांना गाडीत बसवलं, आणि गाडी वळवून गावाबाहेरच्या मोहाच्या झाडापर्यंत घेऊन गेले. तिथून हॉर्न वाजवत परत आले. दारापुढे थांबले. तिघं उतरून ओळीनं ओसरीशी आले.

माय उठली. तिनं गुंड उचलला आणि तिघांच्या पायांवर पुन्हा पाणी घातलं.

"आले," ती मला म्हणाली. "चाल, ताटं घे."