करंगळीची मोटर

अनिश, रेवा — तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधी लक्षात घ्या. कोणी तसलं काही सांगायला लागलं की मी विचारायची, किती वाजले होते? उजेड किती होता? शेजारी कोण होतं? बहुतेक गोष्टी दुसऱ्या प्रश्नालाच संपायच्या. आज तेच प्रश्न मी स्वतःला विचारत हे लिहिते आहे. या सदरात छापून आलं तर इतरही वाचतील, पण लिहिते आहे तुमच्यासाठी.

मागच्या रविवारी अनिशने व्हिडिओ कॉलवर त्याच्या लॅबमधला रोबोटचा हात दाखवला. बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो म्हणे, अंडं धरलं तरी फुटत नाही. "आजी, स्पर्श हा आमच्या रिसर्चमधला सगळ्यात अवघड प्रश्न आहे," तो म्हणाला. मी "छान आहे रे" म्हणून फोन ठेवला... आणि तेव्हापासून मन जागेवर नाही. कारण असा एक हात मी पाहिला आहे. सत्तरच्या दशकात, सांगलीत. त्याला स्पर्श कळत नव्हता. कळेल असं त्यात काही नव्हतंच.

तेव्हा मी सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायची. तुमचे आजोबा नोकरीला साताऱ्याला. दर शनिवारी दुपारच्या एस.टी.ने मी साताऱ्याला जायची, सोमवारी पहाटे परत. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किसन नावाचा टेक्निशियन होता. इस्लामपूरजवळच्या गावचा, सैन्यात सिग्नलमध्ये काम करून आलेला. त्याने भंगारातून एक यांत्रिक हात बनवायला घेतला होता. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची बोटं, आत सायकलच्या ब्रेकच्या तारा, प्रत्येक तार ओढायला एक छोटी मोटर. बोटं सरळ करायला स्प्रिंगा. चालवायला टेलिप्रिंटरची कागदी पट्टी. त्या पट्टीवर एका ओळीत पाच भोकं पडतात आणि हाताला बोटं पाच. भोक असेल ते बोट मिटायचं, नसेल ते उघडं राहायचं. पट्ट्यांवर भोकं मी पाडायची. कुठल्या ओळीला कुठलं भोक, हे माझ्या नोंदवहीत लिहिलेलं असायचं.

हा हात किसन त्याच्या वडिलांसाठी बनवत होता.

वडिलांना सगळे तात्या म्हणत. बैलांचे दलाल. तुम्ही तो सौदा पाहिलेला नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. तोंडाने एक अक्षर नाही, भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. तात्यांचं सगळं आयुष्य त्या टॉवेलखाली गेलं. आणि गुऱ्हाळाच्या चरकात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. त्यानंतर दोन वर्षं ते घराबाहेर पडले नव्हते. "जेवतात तेबी भिंतीकडं तोंड करून, मॅडम," किसन सांगायचा. "सैन्यात माणसं मरताना बघितली मी. पण हे असलं बसून मरणं न्हाई बघवत."

त्याला एवढंच हवं होतं, हा हात मनगटाला बांधून तात्यांनी परत बाजारात उभं राहावं.

तो शनिवार होता. सकाळी करंगळीची मोटर जळाली. मी ती स्वतः स्क्रू काढून सोडवली, माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. करंगळीची तार मोकळी झाली, ती गुंडाळून दोऱ्याने खिळ्याला बांधली. नोंदवहीत लिहिलं. दुपारी बारा-साडेबाराला मी एस.टी.साठी पिशवी भरत होते, तेवढ्यात किसन तात्यांना घेऊन दारात. सिव्हिल हॉस्पिटलात दाखवायला म्हणून आणलं आणि तिथून थेट वर्कशॉपमध्ये.

"आवं बाई, ह्यानं फसवून आणलंय मला," तात्या म्हणाले. उंच माणूस, उजव्या खांद्यावर पिवळा टॉवेल, उजवी बाही खाली लोंबणारी.

"तात्या, नुस्तं बघा तर."

टेबलावर हात उताणा ठेवलेला होता. तात्या वाकले, बराच वेळ पाहिलं. मग हसले. किसन म्हणाला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"शिकलीसवरलेली माणसं तुमी. ह्यो उजवा हात केलाय न्हवं? ह्येच्या हातात हात द्यायला उजवाच लागतो. त्योच तर न्हाई माझ्याकडं!"

मी किसनकडे पाहिलं, किसनने माझ्याकडे. आठ महिने आम्ही बोटांच्या लांब्या मोजल्या, तारांचे ताण मोजले... आणि दाखवायच्या दिवशी तो हात धरायला तात्यांकडे कुठला हात उरलाय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सौद्यात डावा हात कोणी देत नाही. दिला तर समोरच्याचा अपमान.

"मग डावाच द्या, तात्या," किसन हळूच म्हणाला.

"डावा कुणाला देऊ रं? लोकं थुकतील."

"यंत्र हाय ते. त्येला काय कळतंय?"

पोराच्या आवाजात काहीतरी असावं. तात्यांनी सुस्कारा सोडला, खांद्यावरचा टॉवेल काढला, यंत्राच्या हातावर पसरला आणि डावा पंजा आत घातला. "चालव तुझं."

किसन भिंतीपाशी जाऊन स्विचवर हात ठेवून उभा राहिला. मी पट्टी लावली. पट्टी साधी होती, एक बोट, दोन, तीन, चार, की सगळी मोकळी. करंगळीच्या रांगेत एकही भोक नव्हतं. मोटरी चालू-बंद करणारे रिले खटखटत होते, टॉवेल हलत होता. तात्या नजर दुसरीकडे करून उभे, डॉक्टर सुई टोचताना माणूस उभा राहतो तसे.

पट्टी संपली. रिले थांबले. किसनने स्विच बंद केला, तो आवाज मी ऐकला.

आणि टॉवेलची कड उचलली गेली. यंत्राच्या करंगळीच्या बाजूची. खाली बसली... परत उचलली. दोनदा. भर दुपारी, खिडकीतून ऊन सरळ टेबलावर पडलेलं, माझ्यापासून दोन हातांवर.

तात्यांनी हात ओढून घेतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र गेला.

"बाई, ही करंगळी तुमी हलवली?"

"नाही."

"किसन्या, तू?"

"न्हाई तात्या. करंगळीची मोटरच न्हाई आत. सकाळीच काढलीया."

मी ड्रॉवर उघडला. मोटर तिथेच होती, जळक्या वासासकट. तात्या खाली स्टुलावर बसले. हात अजून टॉवेलखालीच.

"बिरू असं करायचा," ते म्हणाले.

बिरू म्हणजे त्यांचा जोडीदार. आटपाडीकडचा धनगर, वीस वर्षं दोघांनी बाजार बरोबर केले. हात जायच्या आदल्या वर्षी तो तापाने गेला होता. तात्या सांगू लागले, सौदा तुटला, गिऱ्हाईक उठून गेलं, की बिरू त्यांचा हात धरायचा आणि करंगळीनं दोनदा दाबायचा.

"म्हंजी काय, तात्या?" किसनने विचारलं.

"म्हंजी, मोडला तर मोडू दे. पुढल्या बैलाकडं चल." त्यांनी टॉवेलकडे पाहिलं. "आमच्या दोघांतलंच होतं ते. तुझ्या आईलाबी ठावं न्हाई. आता अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, जागा येगळी. पर दाब त्योच."

मग तात्या उठले, टॉवेल झटकला आणि या खेपेला डाव्या खांद्यावर टाकला.

"खरसुंडीची जत्रा कवा हाय रं?"

"हाय की... पुढल्या महिन्यात. पर तात्या, हातात अजून लय काम बाकीय —"

"त्यो हात ऱ्हाऊ दे तुज्याकडं. मला ह्यो बास हाय." डावा पंजा त्यांनी आमच्यासमोर उघडून धरला. "घेतील त्ये घेतील. न्हाई घेणार त्येंच्याकडनं पुढं जायचं."

आणि ते गेले जत्रेला. किसन मागोमाग गेला होता. पहिल्या दोघांनी हात मागे घेतला म्हणे, तिसऱ्याने धरला. पुढे कितीतरी वर्षं तात्या डाव्या हाताने सौदे करत होते.

मी त्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला गेले. तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "किसननेच तार ओढली असणार." पण किसन भिंतीपाशी होता, तार मी बांधलेल्या गाठीतच होती. मग ते म्हणाले, तात्यांनी स्वतःच केलं असेल. ते माझ्याही मनात आलं होतं. सोमवारी आल्या आल्या मी टॉवेल पसरून डावा हात आत घातला. करंगळीची स्प्रिंग ताठ. बोट मिटवायला पलीकडून, टोकाकडून ओढावं लागतं. माझा अंगठा तिथवर पोचला नाही. तात्यांचा हात मोठा होता, हे मी मान्य करते. पण मग त्यांचा चेहरा? तो मी पाहिला होता. शेजारची बोटं हलल्याने धक्का बसला असेल म्हणून तीच पट्टी अकरा वेळा चालवली. करंगळी हलली नाही. नवी मोटर बसवून चालवली, तेव्हा सांगितलं तेवढीच हलली.

एखादी ढिली स्प्रिंग, एखादा धक्का... करंगळी हलली, इथवर मी स्वतःला कशीतरी नेते. पण दोनदाच का? आणि सगळं संपल्यावरच का? इथे आले की मी उठते, घरात दोन फेऱ्या मारते, परत येऊन बसते.

ती नोंदवही इथे समोर आहे. त्या शनिवारी खालची ओळ मीच लिहिली आहे, किसनची सहीही आहे. बोट — करंगळी. मोटर — नाही. पट्टी — संपलेली. हालचाल — दोन वेळा. पुढचा रकाना 'कारण'. दर दिवाळीच्या आवराआवरीत वही हाती येते, मी पेन्सिल घेऊन त्या रकान्यापाशी बसते, आणि वही तशीच मिटून कपाटात ठेवते.

अनिश, तुझा तो हात कधी न सांगता काही करून बसला, तर आधी सगळ्या तारा तपास. गाठी तपास. आणि त्या वेळी त्याच्या हातात कोणाचा हात होता, तेही लिहून ठेव. मी ते लिहायला विसरले होते. तात्यांचं नाव त्या ओळीत नाही.