खुर्चीचे दोन दांडे

आमच्या गावाचं पोट भरतं ते तळ्यावर, पण पाहुण्यांना पाहायचा असतो किल्ला. किल्ला म्हणजे काय, तर दीड बुरूज आणि भणाणता वारा. होडीत बसून झालं, पोटभर जेवण झालं, की त्यांना वर जाऊन फोटो काढायचा असतो, आणि चढण बघूनच पाय लटपटतात. अशांसाठी आमचे दाजी. खरं तर ते त्यांच्या मेहुण्याचे दाजी, पण ऐकून ऐकून सगळं गावच त्यांना तसं म्हणू लागलं.

एक वेताची खुर्ची, तिला दोन लांब दांडे. पुढे दाजी, मागे मेहुणा. मागच्याला खुर्चीमुळे वाट दिसत नाही, म्हणून पुढच्यानं सांगत जायचं: "ओलं आहे." "वळण." "मोडकी पायरी." पूर्वी मेहुणा मागून काहीतरी वात्रट बोलायचा आणि दोघांच्या हसण्यानं गिऱ्हाईक हिंदकळायचं. आता तो नुसता "हं" म्हणतो.

कारण त्याची आई, म्हणजे दाजींच्या सासूबाई. "मला एकदा वरून तळं दाखवा," असा म्हातारीनं शेवटी ध्यास घेतला होता. दाजी म्हणाले, "हे पाहुणे गेले की नेतो." पाहुणे जायच्या आत म्हातारीच गेली. त्या दिवसापासून मेहुण्यानं अबोला धरला. काम मात्र सोडलं नाही, कारण खांद्याला खांदा जुळेल असा दुसरा माणूस गावात नव्हता. कात्रीत सापडली ती दाजींची बायको, मेहुण्याची ताई. नवरा घरी तोंड पाडून बसायचा आणि भाऊ उंबऱ्यातूनच परत फिरायचा. मला तर दोघांच्याही एकेक कानाखाली वाजवावीशी वाटायची.

यंदा ताईचे गुडघे गेले. एके सकाळी ऐन गर्दीत, माझ्या चहाच्या दुकानासमोर, ती लंगडत आली आणि सरळ खुर्चीत बसली.

"मला वर न्या."

हॉटेलातलं गिऱ्हाईक टोपी घालून तयार उभं होतं. दाजी कानकोंडे झाले. "अगं, हे पाहुणे गेले की..." म्हणाले, आणि जीभ तिथंच अडली. त्यांनी मान खाली घातली. मेहुण्यानं मुकाट्यानं मागून दांडे धरले.

गिऱ्हाइकाच्या हातात फुकटचा चहा देऊन मीही दुकान उघडं टाकलं आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

दाजी चढत होते, पण तोंडातून शब्द नाही. वळण आलं आणि गेलं, तरी नाही. त्यांचे डोळे वाहत होते आणि दोन्ही हात दांड्यांना गुंतलेले, पुसणार कशानं? आणि मोडकी पायरी तर जवळ आली होती.

"दाजी," मागून मेहुणा अंदाजानंच म्हणाला, "पुढे मोडकी पायरी आहे. सांभाळून."

दाजी थबकले.

"हं," म्हणाले.

"आता मला इथंच उतरवलंत तरी चालेल," ताई म्हणाली.

दोघांनीही ऐकलं नाही. तिला पार बुरुजापर्यंत नेलं.