मेव्हण्यांचं तिसरं विरजण

धाराशिव जिल्ह्यात विकतचा मसाला घरात न येऊ देणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण तयार कंपायलर संगणकात मुक्कामाला न ठेवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणारा प्रोग्रॅम. मुरुमला कापडाचं दुकान चालवणाऱ्या मला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण आमचे मेव्हणे ढोकीला राहतात, गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेत, आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी कंपायलर पाजतात.

त्यांच्या घरात तीन यंत्रं. एक लिनक्सवर चालणारा लॅपटॉप, एक काच फुटलेला मोबाइल आणि एक वहिनींचा बोलका डबा. तिन्हींचे प्रोसेसर वेगळ्या जातकुळीचे, त्यामुळे एकासाठी उतरवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही. लॅपटॉपवर बसून तिन्हींसाठी प्रोग्रॅम उतरवता यावेत असा हत्यारांचा संच मेव्हण्यांना स्वतः बांधायचा होता. हे बांधकाम तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ घरात मिक्सर लावायला बंदी असते, कारण इन्व्हर्टरवर ताण येतो. वहिनी मुकाट्यानं पाट्यावर चटणी वाटतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर हे मांडवाच्या जनरेटरशेजारी लॅपटॉप उघडून बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी उठेनात, म्हणून बायकोनं मला पिटाळलं. "दाजी, आत्ता उठलो तर सगळं पयल्यापासनं," असं म्हणून त्यांनी बसल्या जागेवरूनच अक्षता भिरकावल्या. त्या आचाऱ्याच्या डोक्यावर पडल्या.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच्या मुळाशी वहिनींचे डोळे होते. साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर गेली. त्याआधी वहिनी पेपर वाचायच्या म्हणजे खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट वाचायच्या. नजर गेल्यावर कुणीतरी हा डबा आणून दिला. पेपरातल्या बातम्या त्यात उतरवल्या की तो मोठ्यानं वाचून दाखवी. मग एक दिवस त्याचं मराठी बंद पडलं, आणि बनवणाऱ्यांनी तर केव्हाच गाशा गुंडाळला होता. मराठी बोलणारा प्रोग्रॅम मेव्हण्यांकडे होता, पण डब्यातला प्रोसेसर इतका जुना की त्याच्यासाठी तयार कंपायलर शोधूनही सापडेना. तोवर रोज सकाळी मेव्हणेच मास्तरकीच्या आवाजात पेपर वाचून दाखवायचे. "वाचतात चांगलं," वहिनी एकदा मला म्हणाल्या, "पर त्यांना वाटंल तेवढंच वाचतात. मला माझं मला वाचायचंय, दाजी."

गोची अशी की कंपायलर बांधायलाही आधी एक कंपायलर लागतो. यावर मेव्हण्यांचं उत्तर म्हणजे विरजण. शेजारून उसनं विरजण, म्हणजे कुणाचा तरी तयार कंपायलर, एकदाच आणायचं, दही लावायचं. त्या दह्याचं पुन्हा, आणि त्याचं पुन्हा. दुसरा आणि तिसरा कंपायलर अक्षरन्‌अक्षर सारखे निघाले की तिसरा आपल्या घरचा झाला. मग त्याच्याकडून डब्यासाठीचा बांधून घ्यायचा. माझ्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना, तेव्हा त्यांनी खरोखरच दूध मागवलं आणि मला ठेवून घेऊन रोज एक असं तीनदा दही लावलं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवरचं कामही उरकलं. प्रोग्रॅम डब्यात घातला, बटण दाबलं. डबा ढिम्म.

जेवायला बसलो ते सुतकात बसल्यासारखे. वहिनींनी दह्याचं बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "लई आंबट हाय. कालच्याच भांड्यात लावलं न्हवं? धुतलं व्हतं का?"

मेव्हण्यांचा घास हातातच राहिला. उष्ट्या हातानंच ते लॅपटॉपकडे गेले. लॅपटॉपसाठीचं बांधकाम ज्या फोल्डरमध्ये केलं होतं, त्याच फोल्डरमध्ये त्यांनी डब्यासाठीचंही केलं होतं, आणि आधीचा शिळा ऐवज नव्यात मिसळला होता. "भांडं धुतलं न्हाय," एवढंच म्हणाले. सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून मांडलं. मिक्सर पुन्हा बंद.

पुढच्या खेपेला मी ढोकीला गेलो त्याच दिवशी डबा बोलला. आवाज रेडक्यासारखा, पण मराठी स्पष्ट. वहिनींनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. ऊसतोडीची बातमी झाली, बाजारभाव झाले, आणि डबा निधनवार्तांवर आला.

"हे अजून छापत्यात व्हय?" वहिनी म्हणाल्या. "तुमी तर म्हणला व्हता, बंद झालं."

डबा पुढं वाचत होता. परंड्याच्या एका बाईंचं पहिलं पुण्यस्मरण होतं. त्या वहिनींच्या शाळेतल्या मैत्रीण.

"म्हंजी वरीस झालं," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमी वाचलंच न्हाय."

"न्हाय वाचलं. तवा तुझ्या डोळ्याचं आपरेशन झालतं. रडायचं न्हाय, असं डॉक्टर म्हणलं व्हतं. मग ऱ्हाऊनच गेलं."

वहिनी पुष्कळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि चाचपत तेच बटण पुन्हा दाबलं. ती बातमी त्यांनी परत ऐकली. मला तिथं बसवेना.

ओसरीवर मी मेव्हण्यांना म्हणालो, "दादा, डबा सगळं वाचणार हे ठाऊक होतं ना तुम्हाला? तेवढं सदर गाळायला सांगायचं त्याला."

"एका वळीचं काम व्हतं, दाजी. लिवली बी व्हती म्या." ते चष्मा पुसत राहिले. "मग पुसली. तिला तिचं वाचायचं व्हतं."

आता सकाळी आत डबा वाचतो आणि मेव्हणे बाहेर खुर्चीत पेपर धरून बसतात. वाचताना ओठ अजून हलतात, पण ऐकायला कुणी नाही, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. म्हणून ढोकीला गेलो की मीच म्हणतो, दादा, जरा मोठ्यानं वाचा. ते खाकरतात आणि सुरू करतात. आता माझंही वय झालंय, नुकतीच छातीची तपासणीही झाली. निधनवार्तांचं पान आलं की मेव्हणे माझ्याकडे एकदा बघतात आणि पान उलटतात.